फायबरग्लासची पाणबुडी घरी बनवताना : पॅटर्नपासून पहिल्या डुबकीपर्यंत

पाणबुडीचं मॉडेल करायचं ठरलं की बडोद्यातला माणूस पहिल्याच आठवड्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतून रेझिनचा डबा आणि काचेचं कापड घेऊन घरी येतो. घाई तिथेच होते. साध्या बोटीचं मॉडेल जरा जड झालं तर ती पाण्यात चार मिलिमीटर खाली बसते, एवढंच. पाणबुडीला ती सवलत नाही. वर असताना ती ठरलेल्या रेषेवर तरंगली पाहिजे, आतली टाकी पाण्याने भरली की बुडाली पाहिजे आणि बुडाल्यावर तळही गाठता कामा नये. या तिन्ही गोष्टी ग्रॅमांवर ठरतात. म्हणून आधी ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि एक वही घ्या. रेझिन नंतर.

कोणती पाणबुडी, केवढी

पहिल्या मॉडेलसाठी मी आयएनएस कलवरी सुचवेन. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही स्कॉर्पीन जातीची पाणबुडी १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. लांबी ६७.५ मीटर, रुंदी ६.२ मीटर, पाण्याखालचं विस्थापन, म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, सुमारे १,७७५ टन. अंग गुळगुळीत, पंखा एकच, वर फारशी गुंतागुंत नाही. नवशिक्याला आणखी काय हवं!

प्रमाण १/७२ ठेवा. मॉडेल ९३.८ सेंटीमीटर लांब आणि ८.६ सेंटीमीटर जाड होतं. आता विस्थापनाला ७२ च्या घनाने भागा आणि खऱ्या पाणबुडीभोवती समुद्राचं पाणी असतं हेही हिशोबात धरा. बाह्याकाराचं आकारमान साधारण ४.६ लिटर येतं. हेच मॉडेल १/१४४ मध्ये करायला गेलात तर लांबी निम्मी होते, पण आकारमान आठवा हिस्सा, म्हणजे सहाशे मिलीपेक्षाही कमी. त्यात बॅटरी, मोटर, सर्व्हो (सुकाणू आणि आडवे पंख हलवणारी छोटी मोटर) आणि टाकी बसवणं अनुभवी हातालाही जड जातं. उलट १/४८ मध्ये साडेपंधरा लिटरच्या वर जाल आणि ते धूड तलावातून उचलायला दोघं लागतील. १/७२ चा आणखी एक फायदा म्हणजे आत बाजारात सहज मिळणारा ७५ मिलिमीटरचा पाइप बसतो. पुढचं सगळं काम त्या पाइपाभोवती फिरतं.

आराखडा काढताना बाजूचं आणि वरचं चित्र पुरत नाही. दर चार-पाच सेंटीमीटरवरचा आडवा छेद काढा. नाक आणि शेपटाकडे ते अंतर दोन सेंटीमीटरवर आणा. विशाखापट्टणमला जाणं झालं तर समुद्रकिनाऱ्यावर २००२ पासून संग्रहालय म्हणून ठेवलेली आयएनएस कुरसुरा जरूर बघा. ती जुन्या फॉक्सट्रॉट जातीची, आकाराने वेगळी. पण वरचं मोकळं केसिंग, म्हणजे पाठीवरचं आवरण, आणि त्यातून पाणी आत-बाहेर जायची भोकं कशी असतात, हे फोटोपेक्षा तिथे जास्त कळतं. तीच भोकं तुमच्या मॉडेललाही लागणार आहेत.

वहीतला हिशोब

आपलं मॉडेल आतून कोरडं नसतं. बाहेरच्या सांगाड्यात, म्हणजे फायबरग्लासच्या कवचात, पाणी मुक्तपणे शिरतं आणि कोरडा राहतो तो फक्त आतला पाइप. त्यामुळे ४.६ लिटर हा आकडा बाहेरच्या आकाराचा झाला. तरंगण्या-बुडण्यात मोजली जाते ती भरीव वस्तूंची आणि बंद पाइपाची जागा.

७५ मिलिमीटरच्या पाइपाचे ४५ सेंटीमीटर घेतले तर तो १,९९० मिली पाणी बाजूला सारतो. म्हणजे तेवढे ग्रॅम उचल. आत मोटर, बॅटरी, सर्व्हो, टाकीची यंत्रणा धरून कोरडं वजन १,३०० ग्रॅम झालं आणि टाकीत १२० ग्रॅम पाणी घेतलं, की ५७० ग्रॅम उचल शिल्लक राहते. दीड मिलिमीटर जाडीच्या सांगाड्याचं वजन साधारण ५७० ग्रॅम आणि आकारमान ३८० मिली, म्हणजे पाण्यात त्याचं वजन १९० ग्रॅमच भरतं. उरलेले ३८० ग्रॅम शिशाने भागवायचे. शिसंही पाण्यात थोडं हलकं होतं, म्हणून प्रत्यक्षात ४१५ ग्रॅम लागेल. टायरवाल्याकडे चाकं बॅलन्स करायची जुनी वजनं मिळतात. त्यांत हल्ली लोखंडी आणि जस्ताचीही असतात, तेव्हा चुंबक लावून आणि वाकवून बघून घ्या. शिसं हाताळताना हातमोजे घाला.

टाकी केवढी हवी, हे बहुतेकांचं चुकतं. पाणबुडी वर तरंगत असताना पाण्याबाहेर जेवढं भरीव सामान राहतं, त्याच्या आकारमानाइतकं पाणी टाकीत मावलं पाहिजे. जास्त नाही, कमी नाही. कलवरी खोल बसते. वर राहतो तो केसिंगचा माथा आणि सेल, म्हणजे तो मधला मनोरा. दीड मिलिमीटर जाडीला हे शंभर-सव्वाशे मिली होतं. हाच सांगाडा कुणी तीन मिलिमीटर जाड केला तर टाकी दुप्पट लागते, पाइप वाढतो, शिसंही वाढतं. वरचा अर्धा भाग जितका पातळ, तितकं पुढचं सगळं सोपं. मजबुतीसाठी थर वाढवायचेच असतील तर खालच्या भागात वाढवा.

पॅटर्न : इथे वेळ घालवा

साचा ज्यावरून काढायचा तो मूळ नमुना म्हणजे पॅटर्न. त्यावरचा प्रत्येक ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातून प्रत्येक मॉडेलवर. एकूण कामाचा अर्धा वेळ इथेच गेला तर तो कारणी लागला असं समजा.

थर्माकोल घासूनही पॅटर्न होतो. एपॉक्सी रेझिनने थर्माकोल विरघळत नाही, पॉलिस्टर रेझिनने विरघळतो. पण गोल, निमुळत्या अंगासाठी लेथवर फिरवलेल्या लाकडाला तोड नाही, आणि त्या बाबतीत बडोदेकर नशीबवान आहेत. डभोईच्या पुढे संखेडा आहे. लाखेच्या रंगातल्या झोपाळ्यांसाठी आणि खुर्च्यांसाठी गाजलेलं हे गाव, आणि तिथल्या खराडींचा हात पिढ्यान्‌पिढ्या लाकूड फिरवण्यात मुरलेला. आपला आराखडा आणि फर्मे घेऊन गेलात तर काय हवंय ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही. फर्मे म्हणजे प्रत्येक छेदाला लावून बघायचे अर्धगोल साचे. ते तीन मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकमधून लेसरने कापून घ्या.

लाकूड पूर्ण सुकलेलं हवं, जुना साग किंवा शिवण. एक अखंड ठोकळा घेऊ नका. ५० मिलिमीटर जाडीच्या दोन फळ्यांची एकेक बाजू रंधा मारून सपाट करा आणि त्या बाजूंच्या मध्ये खाकी कागद घालून फेविकॉलने चिकटवा. दोन्ही टोकांना आकाराबाहेर पाच-सहा सेंटीमीटर जादा लाकूड ठेवा आणि तिथे आडवे स्क्रू मारा. लेथचं टोकदार सेंटर नेमकं कागदाच्या रेषेवर घुसतं आणि पाचरीसारखं जोड उघडू पाहतं. स्क्रू नसतील तर फिरता ठोकळा फुटून अंगावर येऊ शकतो. ९४ सेंटीमीटर एका दमात जमणार नसेल तर तीन तुकडे करून घ्या आणि खुंट्यांनी जोडा.

आकार पूर्ण झाला की टोकं कापायची आणि पटाशीची धार कागदाच्या रेषेवर ठेवून हलकेच टोला द्यायचा. कडक असा आवाज येतो, रेघ दोन्ही बाजूंनी धावत जाते आणि पाणबुडीचे वरचा-खालचा असे दोन तंतोतंत अर्धे भाग हातात येतात. दोन्हींच्या पोटावर खाकी कागदाचा अर्धा-अर्धा पापुद्रा राहिलेला असतो. तो ओल्या फडक्याने काढा.

वरच्या अर्ध्या भागावर केसिंगचा उंचवटा पातळ लाकडाने बसवा. त्याच्या बाजू वर जाताना किंचित आत झुकत्या हव्यात, नाहीतर साच्यातून सुटका नाही. सेलचा पॅटर्न आणि साचा वेगळा करा.

मग सीलर, लांबी म्हणजे पुट्टी, आणि गाडीच्या गॅरेजमध्ये मारतात तो दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) प्रायमर. वॉटर पेपर ४०० ने सुरू करून ६००, १०००, १५०० पर्यंत जा. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारा आणि मग घासा. जिथे काळं राहील तिथे खड्डा, जिथे प्रायमर उघडा पडेल तिथे उंचवटा. अंधाऱ्या खोलीत ट्यूबलाइट तिरकी धरून तिचं प्रतिबिंब अंगावरून सरकवा. रेघ सरळ वाहिली पाहिजे. कुठे थरथरली तर पुन्हा लांबी. रंगाचा शेवटचा हात दिल्यावर आठवडाभर हात लावू नका. आत राहिलेलं सॉल्व्हंट मेणाच्या थरातूनही वर येतं.

साचा

सनमायका लावलेला सपाट बोर्ड घ्या आणि त्यावर अर्धा पॅटर्न स्क्रूने खालून घट्ट बसवा. कडेची फट मॉडेलिंग क्लेने भरून नखाने नीट कोरा. कार्नाउबा मेणाचे सहा हात द्या. प्रत्येक हातानंतर पुसून चमक आणायची आणि तासभर थांबायचं. त्यावर साचा सुटावा म्हणून पीव्हीए या द्रवाचा पातळ थर. तो वाळला की पारदर्शक पापुद्रा दिसतो.

साचे एकमेकांना आवळायची जागा म्हणून बोर्डवर पॅटर्नच्या कडेने चार सेंटीमीटर पट्टा मोकळा सोडा. तीच साच्याची कॉलर. दोन्ही अर्धे साचे पुढे एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून कॉलरवर क्लेची छोटी अर्धगोल बटणं ठेवा. दुसरा साचा पहिल्यावरच ओतायचा, बोर्डवर नाही. तरच बटणं आणि भोकं जुळतात.

पहिला थर जेलकोटचा : एपॉक्सीत एरोसिल (रेझिन दाट करणारी सिलिकाची पूड) घालून उभ्या भिंतीवरून ओघळणार नाही इतकं घट्ट करा, शिवाय थोडा रंग. बोट लावलं तर ठसा उमटतो पण बोटाला लागत नाही, अशी अवस्था आली की पातळ कापड, मग जाड कापडाचे सहा-सात थर. वर लाकडी आडव्या पट्ट्या काचेच्या कापडाच्या पट्टीनेच बसवून टाका, साचा पिळत नाही. दोन दिवस बोर्डवरच राहू द्या. सोडवताना लोखंडी पटाशी लावायची नाही. प्लास्टिकच्या पाचरी आणि कोमट पाणी पुरतं, पीव्हीए पाण्यात विरघळतो.

एपॉक्सी आणि बडोद्याचं हवामान

रेझिनसाठी लांब जायला नको. वलसाडजवळच्या अतुलचं लॅपॉक्स आपल्याच भागातलं. एल-१२ रेझिन आणि के-६ हार्डनर ही जोडी वजनाने १०० ला १० अशी मिसळतात. तुम्ही दुसरी जोडी घेतलीत तर तिच्या पत्रकातलंच प्रमाण पाळा. ५० ग्रॅम रेझिनला ५ ग्रॅम हार्डनर. एक ग्रॅम इकडे-तिकडे म्हणजे वीस टक्क्यांची चूक, म्हणून तो ०.१ ग्रॅमचा काटा. पॉलिस्टरची सवय असलेले कारागीर लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवायला सांगतात. पॉलिस्टरला ते थोडंफार चालतं, एपॉक्सीला अजिबात नाही. इथे हार्डनर स्वतः रेझिनशी जोडला जातो. जादा झाला तर तो तसाच उरतो आणि अंग कायमचं मऊ, चिकट राहतं.

कापड घेताना विणलेलंच मागा. दुकानात स्वस्त म्हणून पुढे करतात ती तुकड्या-तुकड्यांची मॅट पॉलिस्टरसाठी असते. तिच्यातला बाइंडर, म्हणजे तुकडे धरून ठेवणारा चिकट पदार्थ, पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो. एपॉक्सीत तो विरघळत नाही आणि मॅट वळणावर बसत नाही.

बडोद्यात हे काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत उरकावं. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की मिश्रण कपातच तापतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हातात मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा हार्डनरशी जुळून पृष्ठभागावर मेणचट साय आणतो. ती आली तर आधी साधं पाणी आणि घासणी, मग वॉटर पेपर. उलट केलंत तर ती साय घासून आत जाते आणि पुढचा थर धरत नाही. आणि हो, उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवस गच्ची मिळेल ही आशा सोडा.

थर असे : जेलकोट, एक १०० ग्रॅमी (चौरस मीटरला १०० ग्रॅम) कापड, मग चार २०० ग्रॅमी. हाताने लावलेला २०० ग्रॅमी थर पाव मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त भरतो, म्हणजे जेलकोट धरून दीड मिलिमीटर. कापडाच्या वजनाइतकंच रेझिन, फार तर थोडं वर. एका अर्ध्या भागाला कापड साधारण ११५ ग्रॅम लागतं. रेझिन एकदम कालवू नका, साठ-सत्तर ग्रॅमचे घाणे करा आणि उथळ ट्रेमध्ये ओता. खोल कपात ते स्वतःच्या उष्णतेने धुमसायला लागतं. नाकावर आणि शेपटावर कापड तिरपं, ४५ अंशात कापून लावा, सुरकुती न पडता वळतं. ब्रशचे केस निम्मे कापा आणि ब्रश ओढण्याऐवजी ठोका. पांढरट डाग म्हणजे अडकलेली हवा. चमकणारं डबकं म्हणजे जादा रेझिन, ते टिश्यूने टिपून घ्या.

हात सांभाळा. एपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की आयुष्यभर सोडत नाही. नायट्राइलचे मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिडकी उघडी. कातडीवर पडलेलं रेझिन अ‍ॅसिटोनने कधीही पुसू नका, ते आणखी आत जातं. साबण वापरा. वाळलेलं अंग घासताना पाण्याखाली घासा आणि एन-९५ मास्क लावा.

साच्यातून निघालेले दोन अर्धे जोडण्याआधी त्यांचं वजन करून वहीत लिहा. खालच्या भागाच्या आतून कडेला एक पातळ पट्टी चिकटवा, वरचा भाग तिच्यावर झाकणासारखा बसतो, आणि छोट्या स्टेनलेस स्क्रूंनी आवळा. भोकं खालीही पाडा आणि वरच्या माथ्यावरही. खालची नसतील तर पाणी शिरत नाही, वरची नसतील तर हवा निघत नाही. सेलमध्ये अडकलेला कपभर वाऱ्याचा फुगा सगळ्या हिशोबावर पाणी फिरवतो.

कोरडा पाइप

पारदर्शक अ‍ॅक्रिलिक घेतलात तर गळती डोळ्यांनी दिसते, म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्या. दोन्ही टोकांना अ‍ॅक्रिलिक किंवा डेल्रिन या कडक प्लास्टिकची झाकणं टर्नरकडून खाच पाडून आणा. खाचेत नायट्राइलची ओ-रिंग आणि तिला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात. पंख्याच्या दांडीला पितळी नळीत लिप सील, सर्व्होच्या सळ्यांना रबरी बेलो, म्हणजे घडीदार टोप्या.

टाकी म्हणून साठ मिलीच्या दोन सिरिंज पुरतात. गिअर मोटरने फिरणारा आटेदार रॉड दोन्हींचे दट्टे एकदम ओढतो. त्या पाइपाच्या बरोबर मध्ये बसवा. पुढे-मागे झाल्या तर पाणी घेताच नाक तरी खाली जाईल नाहीतर शेपूट.

रेडिओच्या बाबतीत एक पक्कं समजून घ्या : ड्रोनला लागतो तो २.४ गिगाहर्ट्झचा सेट पाण्याखाली काही सेंटीमीटरवरच मुका होतो. २७ किंवा ४० मेगाहर्ट्झ गोड्या पाण्यात दोन-तीन मीटर खोलवर पोचतो. कोणती वारंवारता आपल्याकडे परवान्याविना चालते हे घेण्याआधी तपासा. सिग्नल तुटला की सिरिंज आपोआप रिकाम्या होतील अशी सोय करा. बॅटरी पाइपाबाहेर काढूनच चार्ज करा.

गळतीची चाचणी अशी : झाकणातल्या छोट्या नळीतून सिरिंजने हवा आत ढकला आणि पाइप बादलीत बुडवा. आत लिटरभर मोकळी जागा असेल तर १५० मिली हवेने दीड मीटर खोलीइतका दाब तयार होतो. अर्ध्या तासात एकही बुडबुडा दिसता कामा नये.

पाण्यात

विश्वामित्री नदी आणि आजवा तलाव इथे नेऊ नका. दोन्हीकडे मगरी आहेत, आणि अडकलेलं मॉडेल काढायला कुणीतरी पाण्यात उतरतंच. गच्चीवर विटांची चौकट करून त्यात ताडपत्री घातली की सव्वा मीटरचा हौद होतो. तोल तिथे साधायचा. चालवायला सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाची रीतसर परवानगी घ्या.

हौदात आधी टाक्या रिकाम्या ठेवा. मॉडेल पाण्याखाली धरून हलवा, हवा पूर्ण निघू द्या. पाण्याची रेषा आराखड्याशी ताडून शिसं पुढे-मागे सरकवा. शिसं नेहमी तळाशी, कण्याच्या रेषेवर. मॉडेल सगळंच वाजवीपेक्षा खोल बसत असेल तर बंद पेशींच्या फोमच्या चिंध्या आतून लावा, त्याही तरंगण्याच्या रेषेच्या लगेच खाली. रेषेच्या वर लावलेला फोम वर असताना काहीच करत नाही आणि बुडताना मात्र टाकीशी भांडतो.

मग टाक्या भरा. सेलचा माथा पाण्याला टेकून राहावा एवढी, म्हणजे आठ-दहा ग्रॅमची उचल मुद्दाम शिल्लक ठेवा. बाकीचं खाली जाणं मागच्या आडव्या पंखांनी आणि वेगाने होतं. मोटर बंद पडली तरी ती वर येईल. बोटाने एका बाजूला कलंडवून सोडा. झटकन सरळ झाली तर शिसं पुरेसं खाली आहे. रेंगाळली तर बॅटरी पाइपात आणखी खाली न्या.

वेग किती ठेवावा? कलवरीचा पाण्याखालचा कमाल वेग सुमारे २० नॉट. मॉडेलला त्याला ७२ च्या वर्गमुळाने भागायचं. सेकंदाला सव्वा मीटरपेक्षा किंचित कमी येतं, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग. वर तरंगतानाचा वेगही याच हिशोबाने ठेवा, तरच नाकाशी उठणारी लाट खऱ्यासारखी दिसते.

घरी आल्यावर सांगाडा उघडून साध्या पाण्याने धुवा, तलावाच्या क्लोरीनने पितळ काळं पडतं. बेलो पुसून कोरडे करा, पंख्याच्या दांडीला ग्रीस द्या, आणि पुढच्या वेळेपर्यंत पाइपाची दोन्ही झाकणं काढून ओ-रिंगा मोकळ्या ठेवा. महिनाभर दाबून राहिलेली ओ-रिंग चपटी होते आणि पुढच्या डुबकीला तिथूनच पाणी येतं.